दाखवलेला बोकड

११ जानेवारी, रविवार

काकांनी आज बोकड दाखवला. झालं, अडकलो.

पांढरा आहे, कानाला आमची खूण. संध्याकाळी काकांनी त्याला शिंगांना धरून शेळ्यांच्या वाडग्याच्या दारात उभा केला, टोपी काढली आणि आत बघून बोलायला लागले. आत शेळ्यांशिवाय कोणी नाही. "भेले, हा ख्वेझी, माझ्या धाकट्या भावाचा. जन्मला तेव्हा बाप खाणीत, आई शहरात, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. हा त्याचा बोकड. ईस्टरला सगळे घरी आले की आणतो." एक शेळी शिंकली. काका म्हणाले, ऐकलं त्यांनी.

भेले हे आमचं कुळ. आत कोण ऐकतं ते मला माहीत नाही, पण अंगावर काटा आला खरा.

लेकरू जन्मलं की बोकड कापून जुन्यांना, म्हणजे गेलेल्या पूर्वजांना, सांगायचं — हा आमचा, याला ओळखून ठेवा. माझं ते झालंच नाही. म्हणून म्हणे मी एका जागी टिकत नाही. संत्र्यांच्या बागेत होतो, हंगाम अर्धा असताना बागच विकली गेली. टायरच्या दुकानात होतो, ते जळालं. ईस्ट लंडनला परांचीवरून पडलो आणि ऑक्टोबरात बक्कीच्या, उघड्या टेम्पोच्या, मागे गादीवर घालून मला घरी आणलं. पाठ बरी झाली. पण जुन्यांशी बोलणाऱ्या बाईनं सांगितलं, "याची ओळखच करून दिलेली नाही. राखणारे राखणार कुणाला?"

ही डायरी अंत्यविधीच्या विम्याचा माणूस फुकट देऊन गेला. दर महिन्याच्या पानावर एका शवपेटीचं चित्र. जानेवारीची पितळी कड्यांची आहे. आत्या म्हणाली, "तूच घे, तू निम्मा तर आलाच होतास तिच्यात."

१२ जानेवारी

माझा दोस्त लुदिदी, त्याचा फोन. ट्रकवर त्याला जोडीदार हवाय. डर्बन, मग वर झांबियापर्यंत! मी म्हटलं उद्या येतो. तर म्हणतो, "थांब. तुझं ते झालं का? नाही ना? मग मी तुला केबिनमध्ये घेणार नाही बुती, भावा. उतारावर ब्रेक गेले तर तुझ्या घरचे तुला तरी वाचवतील का? आणि मी बाजूलाच बसलेला." हसत होता, पण घेणार नाही म्हणजे नाही. ईस्टरनंतरचा सोमवार म्हणाला.

१५ जानेवारी

टेकडीवर गेलं की मोठा रस्ता दिसतो. ट्रक मुंग्यांसारखे. शेळ्या चारायचं काम माझ्याकडे दिलंय, म्हणून दिवसभर तेच बघतो. आज एक निळा गेला, त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचता येईल म्हणून किती पुढं गेलो, तर मागे शेळ्या शेजारच्या माटोमेलांच्या मक्यात. म्हाताऱ्या माटोमेलांनी टेकडीच्या त्या अंगावरून आवाज दिला, "ट्रक मोजून झाले असतील तर माझी कणसं पण मोज, उरलेली!"

१९ जानेवारी

माटोमेलांची मेंढी मेली. हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबत होती तिच्या, परवापासून. चालता चालता बसली आणि उठलीच नाही. पोट फाडलं तर शेवटच्या कोठ्यात किडे — बारीक, लाल-पांढरा पीळ घातलेल्या दोऱ्यासारखे, वळवळणारे. रक्त पिऊन पिऊन लाल झालेले. मांस बघितलं तर पाण्यात भिजवलेल्या पावासारखं फिकं. कुत्र्यानंसुद्धा आधी वास घेतला.

दर पावसाळ्यात असतंच हे. पण माटोमेला म्हणाले की तिला औषध पाजून महिनासुद्धा झाला नाही.

मी घरी आलो ते थेट माझ्या बोकडाकडे. हनुवटीखाली हात लावून बघितलं. काही नाही. पण मग लक्षात आलं — हा मेला तर? काकांना विचारलं. ते म्हणाले, "दाखवलेला बोकड बदलत नाहीत. हा गेला तर त्याचा अर्थ ते नको म्हणाले. वर्षभर गप्प बसायचं, मग पुन्हा विचारायचं."

वर्षभर!

२१ जानेवारी

दुत्यवाहून सरकारी बाई आली, बाबाल्वा. जनावरांच्या दवाखान्यातली. पांढऱ्या बक्कीतून. बूट गुडघ्यापर्यंत, आणि एका बुटाला हिरवी नाडी, एकाला काळी. मी तेच बघत बसलो, म्हणून सुरुवातीचं काय बोलली ते ऐकलं नाही.

तिच्याजवळ एक कार्ड आहे, त्यावर डोळ्याच्या पापणीची चित्रं. लालभडक, मग कमी लाल, गुलाबी, फिकं, आणि शेवटी कागदासारखं पांढरं. शेळीचं डोकं बगलेत धरायचं, अंगठ्यानं वरची पापणी दाबायची, दुसऱ्यानं खालची ओढायची, उन्हात. लाल असलं तर रक्त आहे. पांढरं असलं तर किडे पिऊन गेले. काका म्हणाले, "पोरी, तुझ्या आईच्या लग्नात माझ्या कळपातलं मटण शिजलं होतं. तेव्हा कोणी त्याच्या डोळ्यात बघितलं नव्हतं." ती म्हणाली, "म्हणूनच आई अजून त्या मटणाबद्दल बोलते, ताता." आत्या तोंडाला शालीचं टोक लावून हसली.

ती पिशव्यांत लेंड्या घेऊन गेली. औषध पाजायच्या आधीच्या. पाजल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा नेणार. किड्यांची किती अंडी होती आणि किती राहिली ते बघायला. काकांना हे फारच आवडलं. दिवसभर सांगत होते — सरकार आता लेंड्या गोळा करतंय.

मी मात्र तिच्याकडून ते कार्ड मागून घेतलं. तिनं दिलं.

२४ जानेवारी, शनिवार

औषधाचा दिवस. सगळी वाडी आली. पाठीवर डबा, हातात नळीची बंदूक, एकेकाचं तोंड उघडून जिभेमागे सोडायचं. पांढरं औषध, कालवलेल्या चुन्यासारखं. मी लहान होतो तेव्हापासून तेच आहे. वासही तोच. हात अजून धुतोय.

काकांची पद्धत साऱ्या खोऱ्यात प्रसिद्ध आहे. एकही जनावर सोडायचं नाही. एकाच दिवशी सगळे, मेंढ्या, शेळ्या, कालचं करडूसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नदीकाठच्या राखलेल्या गवतावर न्यायचं, जिथं वर्षभर कोणी चरलेलं नाही. पोट साफ झालेलं जनावर घाण गवतावर कशाला घालायचं — असं ते समजावतात आणि माणसं माना डोलवतात. माटोमेला त्यांच्याकडूनच शिकले.

फक्त एकाला नाही दिलं. पांढऱ्याला. मी बंदूक त्याच्या तोंडाशी नेली तशी काकांनी माझं मनगट धरलं. "दाखवलेल्याला नाही. त्याचं मांस पहिल्यांदा तू खाणार, मग ते. औषधाचा वास चालत नाही त्यांना."

म्हणजे साऱ्या कळपात किड्यांना मोकळं रान कुठं, तर माझ्या बोकडाच्या पोटात!

२५ जानेवारी

नदीकाठी नेले. गवत गुडघ्याएवढं. रस्ता इथून दिसत नाही.

३० जानेवारी

मी ठरवलं होतं. गुपचूप पाजायचं. बाटलीत तळाला थोडं उरलेलं, ते मी झाकणात ओतून आणलं, दुपारी, काका झोपलेले. पांढऱ्याला झुडपामागे नेलं. डोकं बगलेत धरलं. मग म्हटलं आधी डोळा बघू. खालची पापणी ओढली —

लाल. कलिंगडाच्या गरासारखी! कार्डावर धरून बघितलं, पहिलाच रंग. मला वाटलं ऊन आहे म्हणून. दुसरा डोळा बघितला. तोही तसाच.

औषध पाजलं नाही. जमिनीवर ओतलं. एक मुंगळा त्यात अडकला, त्याला काडीनं बाहेर काढत बसलो, आणि तेवढ्यात पांढरा माझी चप्पल चघळायला लागला.

४ फेब्रुवारी

रोज सकाळी त्याचा डोळा बघतो. आता त्याला सवय झालीय. मी हात पुढं केला की स्वतःच डोकं बगलेत घालतो आणि गप्प उभा राहतो. काकांनी आज बघितलं. "बायको केलीस का त्याला?" म्हणाले. पण जरा वेळ उभे राहिले.

६ फेब्रुवारी

बाबाल्वा दुसऱ्या लेंड्या घेऊन गेली. आज दोन्ही नाड्या काळ्या.

९ फेब्रुवारी

दोन शेळ्या गेल्या. औषध पाजलेल्या. नदीकाठचं गवत खाल्लेल्या. एकीच्या पोटात करडू होतं.

आत्यानं कोरफड कुटली. कडू पाणी बादलीत कालवून सगळ्यांच्या तोंडात ओतलं, आणि ओतताना काकांना ऐकू जाईल असं म्हणत होती, "आमच्या बापाकडे बंदूक नव्हती, आणि शेळ्या मेल्या तर म्हाताऱ्या होऊन मेल्या." काका म्हणाले, "बापाकडे शेळ्याच किती होत्या." ती म्हणाली, "तुझ्याही तेवढ्याच राहतील, थांब."

फेब्रुवारीची शवपेटी पांढरी आहे. सोनेरी पट्टी. छान आहे, खरं सांगायचं तर.

१३ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहितो. मला दोनदा विचारावं लागलं तेव्हा कुठं कळलं.

बाबाल्वा आली. बक्कीच्या बॉनेटवर तिनं नळीतून बारीक ते मोठं करून बघायचं यंत्र मांडलं. तिनं सांगितलं की आधी जेवढी अंडी होती, औषधानंतरही जवळजवळ तेवढीच आहेत. फरकच नाही. औषध म्हणजे पाणी.

काका: "बनावट असेल. दुकानदार चोर आहे."

ती: "दुकानदार चोर असेल, ताता, पण औषध खरं आहे. किडे बदललेत."

मग समजावलं. दर वर्षी औषध दिलं की बहुतेक किडे मरतात, एखाद-दुसरा चिवट मरत नाही. तो उरतो आणि अंडी घालतो. त्याची पिल्लं चिवट. सगळ्या जनावरांना एकदम दिलं की साधे किडे कुठंच उरत नाहीत, मिसळायला कोणी नाही. आणि शेळ्यांना मेंढ्यांच्या मापानं दिलं म्हणजे तर अर्धवटच. शेळीचं अंग औषध लवकर बाहेर टाकतं, तिला जास्त लागतं. अर्धं मारलेला किडा शिकून जातो.

आणि मग राखलेल्या गवतावर. तिनं तिथं थोडं थांबून सांगितलं, काकांकडे न बघता. पोटात उरलेत ते फक्त चिवट. त्यांना तुम्ही नेऊन सोडलंत स्वच्छ गवतावर, जिथं दुसरा किडाच नव्हता. सगळं रान त्यांचं.

मी माझ्यापुरतं सांगतो — मला त्या क्षणी काकांकडे बघवलं नाही. साऱ्या खोऱ्याला त्यांनीच शिकवलंय हे.

तिनं त्यांना यंत्रातून बघायला सांगितलं. काका वाकले, बराच वेळ बघितलं. "मला माझ्याच पापण्यांचे केस दिसतायत," म्हणाले आणि निघून गेले. माटोमेला मोठ्यानं हसले, मग त्यांनाही आठवलं की त्यांच्या मेंढ्या पण त्याच गवतावर आहेत.

१४ फेब्रुवारी

आंबट दूध आणि मक्याचा भरडा. सलग तिसऱ्या दिवशी तेच.

२० फेब्रुवारी

मेंढा मेला. काकांचा मोठा, वळलेल्या शिंगांचा, ज्याची लोकर बघायला लोक यायचे. काका सकाळी वाडग्यात गेले आणि बाहेर आलेच नाहीत. मी गेलो तर मेंढ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. मला म्हणाले, "तुझं ते कार्ड आण."

त्यांनी स्वतःच पापणी ओढली. कागद. पांढरा स्वच्छ कागद.

"असं दिसतं होय," म्हणाले.

मग एकेक जनावर धरून माझ्यापुढं आणायला लागले. मी बघायचा, सांगायचा. एकदाही वाद घातला नाही त्यांनी. शेवटी मीच पांढऱ्याला पकडलं. तो आला, डोकं बगलेत घातलं. मी म्हटलं, "लाल."  काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, सावकाश, शेपटीपर्यंत.

२३ फेब्रुवारी

लोक जनावरं घेऊन येतात आता. "ख्वेझी, जरा डोळा बघ." माटोमेलांनी एक मेंढी आणली, म्हणाले, "ट्रक बघून बघून डोळे तरबेज झालेत तुझे." मला गंमत वाटते, मग भीती वाटते. इथं माझी गरज पडायला लागली तर मी जाणार कसा?

१ मार्च, रविवार

बाबाल्वानं दुसऱ्या जातीचं औषध आणलं. थोडंच. अट एकच — फक्त ज्यांची पापणी फिकी त्यांना. लालवाल्यांना नाही. माणसं चिडली. गोबिले नावाचा एक जण, ज्याच्या शेळ्या सगळ्यात जास्त मेल्यात, तो म्हणाला, "आजारी माझं मूल आणि निरोगी माझं मूल, दोघांना जेवायला देतो मी. औषधाला का नाही?" ती म्हणाली, "कारण सगळ्यांना दिलंत तर दोन-तीन वर्षांत हेही पाणी होईल. थोडे साधे किडे जगू द्या. ते चिवटांमध्ये मिसळतात, तेव्हा औषध चालतं." किडे जगू द्या! गोबिले थुंकून निघून गेला.

मला वाटलं काकाही जातील. पण त्यांनी नळीची बंदूक माझ्या हातात दिली. "हा सांगेल त्याला द्यायचं," म्हणाले. सगळ्यांपुढं.

नदीकाठचं गवत त्यांनी बंद केलं. दारावर काटे लावले. आपल्याच राखलेल्या गवताकडे ते असे बघतात, जणू घरात चोरी झाली आणि चोर घरचाच निघाला.

११ मार्च

बाबाल्वा मोजणीच्या आकड्यांचा कागद घेऊन आली, पण तिला बोलायचं होतं ते पांढऱ्याबद्दल. म्हणाली, सगळ्या कळपात एकही थेंब औषध न घेता हा एकटा उभा आहे. लेंड्यांतही अंडी नाहीत जवळजवळ. रक्तातच असेल, किंवा झुडपं जास्त खातो म्हणून असेल, सांगता येत नाही. पण नर आहे, खच्ची केलेला नाही. "ह्याची करडं ठेवा, ताता. पाच-सहा वर्षांत अर्धा कळप औषधाशिवाय चालेल. असा एक मिळाला की माणसं दूरवरून शेळ्या घेऊन येतात. त्याला कोणी कापत नाही."

काका हळू आवाजात म्हणाले, "तो दाखवलेला आहे. त्याचं तू बोलू नकोस."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी माझ्या चपलेकडे. चावून अर्धी झालीय.

१२ मार्च

लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही. मला तो मेलेला हवा आहे. पण वेळेवर.

त्याला कापला तर मी सुटलो. नाही कापला तर कळप सुटला आणि मी इथंच, पुढचं वर्ष, आणि त्याच्या पुढचं. आणि हे ठरवायचं माझ्या हातात नाही, काकांच्याही नाही. ते जुन्यांपुढं बोलून बसलेत. ओरडला की झालं. बोकडाच्या पोटाला भाल्याचं टोक लावायचं, तो ओरडला म्हणजे त्यांनी हो म्हटलं. नाहीच ओरडला तर सोडून द्यायचा. पण न ओरडलेला बोकड मी उभ्या आयुष्यात बघितला नाही. टोक लागतं ना! ओरडणारच.

सकाळी डोळा बघितला. लाल.

१९ मार्च

आज नाही बघितला डोळा. मुद्दाम. तर तो दिवसभर माझ्या मागे फिरला.

२२ मार्च

लुदिदी: सोमवारी, सहा तारखेला, मोठ्या रस्त्यावर पेट्रोल पंपापाशी. "पांढरं कातडं घेऊन ये, केबिनमध्ये अंथरू." नवा ट्रक, झोपायला मागे दोन बाक. वरचा माझा म्हणाला. मी तो बाक डोळ्यांसमोर आणून बघत होतो इतका वेळ की भांडं करपलं. आत्यानं डोक्यात टपली मारली.

२ एप्रिल, गुरुवार

सगळे आले. चुलतभाऊ जोहान्सबर्गहून, गाडीत गाणी लावून. मक्याची बिअर मोठ्या पिंपात फसफसतेय, सगळ्या घराला आंबट वास. आडव्या तुळईवरून काकांनी भाला काढला, चरबी लावून पुसत बसले.

मला म्हणाले, "शिंगं तू धरायची."

आत्या दाण्याचं भांडं घेऊन चालली होती, थांबली. "ज्याचं कार्य तो कधी धरतो शिंगं? पोरं आहेत की धरायला."

"हाच धरेल. त्याच्या हातात तो गप्प उभा राहतो. उगाच ओढाताण नको."

"आमच्यात असं नव्हतं."

"आता आहे."

आत्या गेली, पण दारातून मागे वळून तिनं काकांकडे बघितलं.

माझी पिशवी भरून झाली. दोन शर्ट, चार्जर, ही डायरी.

४ एप्रिल, शनिवार

बोकड ओरडला नाही.

 सगळी माणसं वाडग्यात, मी आत गुडघ्यावर, त्याचं डोकं माझ्या बगलेत, दोन्ही शिंगं हातात. चुलतभावांनी पाय धरलेले. काका वाकले, कुळातली नावं घेत, भाला पोटाशी. एक नाव, एक टोचणी. काही नाही. त्याचा श्वास माझ्या मनगटावर, ऊन, शांत. पुन्हा. काही नाही. माणसं पुटपुटायला लागली. काकांनी जुन्यांना मोठ्यानं विचारलं, बापाच्या नावानं, आजोबांच्या नावानं, आणि पुन्हा भाला लावला. तो रवंथ करत होता! रवंथ!

काका उभे राहिले. घाम पुसला. "ऐकलंत सगळ्यांनी," म्हणाले. "ते नको म्हणतायत. सोडा त्याला. याला ते ठेवून घेतायत. ख्वेझीचं पुढच्या वर्षी, याच्याच पोटच्या करडावर."

 माटोमेलांनी टोपी काढली. गोबिलेनंसुद्धा.

नशीब, मागच्या बाजूला एक मेंढी बांधलेली होती, तिला कापून माणसांना जेवू घातलं. बिअर झाली. आत्या दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पण मांसाचा चांगला तुकडा माझ्या ताटात टाकला.

पुढच्या वर्षी.

५ एप्रिल, ईस्टर

सकाळी त्याचा डोळा बघितला. सवयच. लाल. पोटावरचे केस बाजूला केले. जखम कुठंच नाही.

गोबिले दोन शेळ्या घेऊन दारात उभा होता. "पांढऱ्याला जरा सोड ना यांच्यात," म्हणाला. काका म्हणाले, "ख्वेझीला विचार."

६ एप्रिल, सोमवार

लुदिदीला फोनवर सांगितलं, झालं नाही. टेकडीवरून ट्रक दिसला. पंपापाशी थांबला, मग गेला.

भाल्याचं टोक काकांच्या अंगठ्याखाली होतं. प्रत्येक वेळी. पोटाला लागत होता तो अंगठा. मी शिंगं धरून खाली वाकलेलो होतो, तिथून फक्त मलाच दिसत होतं. काकांनी मान वर केली तेव्हा त्यांनाही कळलं की मला दिसलंय.

बोकड ओरडला नाही. मीही नाही.